गिअरबॉक्स उघडण्याआधी: ऑटोमॅटिक गाडीतला विजेचा बिघाड कसा शोधावा

ऑटोमॅटिक गाडी चालता चालता एकाच गिअरमध्ये अडकते. सिग्नलवरून निघताना मरगळल्यासारखी उठते, हायवेवर वेग वाढवला की इंजिन नुसतं ओरडत राहतं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, "गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल." कधी कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा आतले क्लच आणि दाते ठणठणीत असतात. बिघाड निघतो हिरव्या पडलेल्या एखाद्या पिनमध्ये, उंदराने कुरतडलेल्या वायरमध्ये नाहीतर शेवटच्या घटका मोजणाऱ्या बॅटरीत. हे बाहेरूनच, गाडीच्या संगणकाने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारा एक स्कॅनर आणि एक बरा मल्टिमीटर घेऊन तपासता येतं. क्रम मात्र पाळावा लागतो.

आधी गाडी असं का वागते ते पाहू. टॉर्क कन्व्हर्टरच्या (म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे पोचवणाऱ्या यंत्राच्या) गिअरबॉक्समध्ये गिअर बदलतो तो ऑइलच्या दाबाने. तो दाब कुठल्या क्लचकडे जाणार हे सॉलेनॉइड ठरवतात. सॉलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि तिच्यात सरकणारी लोखंडी दांडी, थोडक्यात विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह. त्यांना हुकूम देतो टीसीएम, म्हणजे गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट. टीसीएमला माहिती पुरवतात आत येणारा आणि बाहेर जाणारा वेग मोजणारे दोन सेन्सर, ऑइलचं तापमान सांगणारा सेन्सर आणि लिव्हर पी-आर-एन-डी (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) पैकी कुठे आहे ते सांगणारा स्विच. यातलं काही विश्वासार्ह वाटेनासं झालं, की टीसीएम सॉलेनॉइडचा पुरवठाच तोडतो. वीज गेल्यावर स्प्रिंगच्या जोरावर व्हॉल्व्ह ज्या जागी बसतात, तिथे एक ठरावीक गिअर लागावा अशी रचना कारखान्यातच केलेली असते. बहुतेक गाड्यांत तो मधला गिअर असतो. दाब नियंत्रित करणारा सॉलेनॉइड तर बहुधा असा असतो की वीज गेली की दाब पूर्ण चढतो, म्हणजे क्लच घसरून जळत नाहीत. लिव्हर डी मध्ये टाकताना जो धाडकन धक्का बसतो तो याचाच. म्हणजे "अडकलेला गिअर आणि धक्का" हा गिअरबॉक्सने स्वतःला वाचवण्यासाठी घेतलेला पवित्रा आहे. याला लिंप मोड म्हणतात.

आता मीटर हातात घेण्याआधीच्या गोष्टी, कारण या कामात माणूस दुखावतो तो विजेने क्वचितच. गाडीच्या वजनाने, तापलेल्या ऑइलने आणि अचानक हललेल्या गाडीने जास्त. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. खाली शिरायचं असेल तर घोड्या (जॅक स्टँड) लावूनच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं हा वेडेपणा आहे. लिव्हर पी मध्ये आहे म्हणजे गाडी हलणार नाही असं धरू नका. ज्या गिअरबॉक्सचा स्विच बिघडलाय त्याच्या पी वर भरवसा कसला? चाकं हवेत ठेवून डी लावून बघायचा मोहही टाळा. गाडी घोडीवरून सटकते, शिवाय दोन चाकांच्या वेगात फरक पडून नवे खोटे कोड नोंदले जातात. चालून आलेल्या गाडीचं ऑइल ८० ते ९५ अंशांवर असतं, त्यामुळे आत हात घालायचा तर ती पूर्ण निवू द्या. अंगठी, कडं, धातूचा घड्याळाचा पट्टा काढून ठेवा. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगीचा पाऊस पडतो.

हायब्रिड गाडीत नारिंगी आवरणाची केबल दिसली की हात मागे. तिच्यात माणूस मारण्याइतकं डीसी व्होल्टेज असतं आणि इग्निशन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही मिनिटं ते राहतं. ते काम हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण आणि रबरी हातमोजे असलेल्याचंच. या लेखातलं बाकी सगळं १२ व्होल्टच्या बाजूचं आहे.

एएमटीची (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) गंमत वेगळीच. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर ही यंत्रणा आपल्याकडे आली आणि स्वस्त म्हणून झपाट्याने पसरली. यात साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि गिअर बदलण्याचं काम बहुधा ऑइलच्या दाबावरचा अ‍ॅक्च्युएटर करतो. दाब साठवणाऱ्या टाकीत तो टायरमधल्या हवेच्या दाबाच्या कितीतरी पट असतो आणि इंजिन बंद असलं तरी टिकून राहतो. त्यातून अनेक गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं की पंप आपोआप घुर्रकन चालू होतो. तुम्ही बॉनेटखाली नळी सैल करताय आणि कोणीतरी मोबाइल घ्यायला दार उघडलं, एवढं पुरतं. म्हणून एएमटीच्या अ‍ॅक्च्युएटरला हात लावण्याआधी स्कॅनरने दाब उतरवायचा, मग बॅटरी सोडवायची.

तपासणी सुरू होते बॅटरीपासून. हा कंटाळवाणा भाग आहे म्हणून सगळे तो टाळतात आणि नंतर कपाळाला हात लावतात. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जाऊ नयेत. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५, नव्या गाड्यांत अल्टरनेटर संगणकाच्या तालावर चालतो, तिथे थोडं इकडेतिकडे होतं. स्टार्ट मारताना व्होल्टेज नऊच्या खाली घसरलं की टीसीएम अर्धवट जागा होतो, सेन्सरचे आकडे वेडेवाकडे वाचतो आणि कोड टाकून मोकळा होतो. पी-०५६२, म्हणजे कमी व्होल्टेजचा कोड, बाकीच्या पाच-सहा कोडबरोबर दिसला तर आधी बॅटरी बघा. ते पाच-सहा बहुधा तिच्या मागून आलेले असतात.

त्यानंतर अर्थिंग. मीटर डीसी व्होल्टवर, काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर. दुसऱ्याला स्टार्ट मारायला सांगा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर इंजिन-गिअरबॉक्सचा अर्थिंगचा पट्टा गंजलाय किंवा सैल आहे. स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह मग दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट कधी सेन्सरच्या बारीक अर्थिंगमधून जाते. वीस मिनिटांचं काम आहे: पट्टा काढा, दोन्ही टोकं सॅंडपेपरने चकाकवा, आवळा.

आता स्कॅनर. बॅटरी सोडवण्याआधी कोड लिहून घ्या, फोटो काढा. बऱ्याच गाड्यांत बॅटरी निघाली की पुरावाच पुसला जातो. मोबाइलला जोडायचं स्वस्त ब्लूटूथ यंत्र बहुधा फक्त इंजिनच्या युनिटशी बोलतं. ते पी-०७०० दाखवतं आणि लोक "गिअरबॉक्सचा कोड आला" म्हणून घाबरतात. पी-०७०० चा अर्थ एवढाच, की टीसीएमने इंजिनच्या युनिटला निरोप दिलाय: माझ्याकडे कोड आहे, दिवा लाव. खरा कोड टीसीएममध्येच असतो. तो वाचणारा स्कॅनर हवा.

कोड वाचताना शेवटचा आकडा नीट बघा, त्यात निम्मं निदान दडलेलं असतं. शिफ्ट सॉलेनॉइड ए चे कोड पी-०७५० ते पी-०७५४. यातला ०७५१ म्हणतो व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकलाय, ०७५२ म्हणतो चालू अवस्थेत अडकलाय. हे दोन बहुधा मळकं ऑइल, अडकलेला व्हॉल्व्ह, म्हणजे यांत्रिक बाजू. ०७५३ म्हणजे विजेचा मार्ग तुटलाय किंवा शॉर्ट झालाय. ०७५४ म्हणजे मधूनमधून तुटतोय. सॉलेनॉइड बी साठी हाच क्रम ०७५५ ते ०७५९. त्यामुळे ०७५३ आलेल्या गाडीचं ऑइल बदलून काही होणार नाही, आणि ०७५१ आलेल्या गाडीची वायरिंग उसवून काही हाती लागणार नाही. पी-०७३०, म्हणजे गिअरचं गुणोत्तर चुकलंय, हा कोड एकटा आला तर क्लच घसरत असण्याची शक्यता जास्त. तो वेगाच्या सेन्सरच्या कोडबरोबर आला तर आधी सेन्सर.

कोड भाग बदला असं सांगत नाही, कुठल्या रस्त्यावर गडबड आहे एवढंच सांगतो. त्या रस्त्यावर टीसीएम आहे, त्याचा कपलर (वायरांचा काढता-घालता येणारा जोड) आहे, दीड-दोन मीटर वायर आहे, गिअरबॉक्सचा कपलर आहे, आतली वायरिंग आहे आणि शेवटी सॉलेनॉइड आहे. सहा ठिकाणं. एकेक तपासत बसण्यापेक्षा रस्ता मधोमध कापायचा.

समजा पी-०७५३ आहे. इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह सोडवलेली, टीसीएमचा कपलर काढलेला. त्या गाडीच्या वायरिंगच्या नकाशात बघून सॉलेनॉइड ए ची पिन शोधा. नकाशाशिवाय अंदाजाने पिना चाचपू नयेत. मीटर ओहमवर. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा, ०.२-०.३ ओहम दिसतील, ते नंतर वजा करायचे. आता वायरच्या टोकाशी मोजा. चालू-बंद प्रकारचे सॉलेनॉइड आयसिन कंपनीच्या अनेक गिअरबॉक्समध्ये २० अंशांना ११ ते १५ ओहम दाखवतात, दाब नियंत्रित करणारे साधारण ५ ते ५.६. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमधूनच घ्या. समजा इथे ४० ओहम आले. मग गिअरबॉक्सवरचा कपलर काढून थेट त्याच्या पिनवर मोजा. तिथे १२.५ आले तर सॉलेनॉइड निर्दोष. मधले २७.५ ओहम वायरमध्ये किंवा कपलरमध्ये बसलेत. गिअरबॉक्सला स्क्रू ड्रायव्हर लावायची गरज नाही. दोन्हीकडे ४० आले तरच बिघाड आत, आणि तेव्हाच ऑइल काढून चेंबर खोलायचा.

इथे एक खड्डा आहे. काही सॉलेनॉइडना एकच वायर असते, दुसरं टोक बॉडीतूनच अर्थ होतं. तिथे पिन ते बॉडी १२ ओहम दिसणं बरोबर आहे. दोन वायरच्या सॉलेनॉइडमध्ये मात्र पिन ते बॉडी काहीच संपर्क नको. हा फरक नकाशात न बघता "शॉर्ट आहे" म्हणून चांगले सॉलेनॉइड फेकून दिले जातात.

दुसरा खड्डा तापमानाचा. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्याने वाढतो. २० अंशांना १२ ओहम असलेली गुंडाळी ९० अंशांना १५.३ होते. म्हणजे गरम गाडीवर मोजून आकडा थंड गाडीच्या तक्त्याशी ताडला तर चांगला सॉलेनॉइड नापास ठरतो. उलटही होतं: गुंडाळीतली तार एका जागी तुटलेली असते, थंड असताना टोकं टेकून राहतात, गरम झाल्यावर फाकतात. "सकाळी नीट चालते, अर्ध्या तासाने अडकते" ही तक्रार असेल तर मोजमाप गरम असतानाच घ्या, फक्त आकड्याला तापमानाची सूट द्या.

मीटरच्या "बीप"वर विसंबू नये. वीस तारांच्या वायरीतल्या एकोणीस तारा तुटल्या तरी उरलेल्या एकीवर मीटर बीप करतो, कारण त्याचा प्रवाह नगण्य असतो. सॉलेनॉइडला लागतो जवळपास एक अँपिअर. म्हणून वायरला कामाला लावून बघायचं. वायरची दोन्ही टोकं सगळ्या युनिटपासून सुटी करा. बॅटरी गाडीला न जोडता वेगळी घ्या, तिच्या पॉझिटिव्हपासून फ्यूज, मग ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब, मग ही वायर, मग निगेटिव्ह. साधारण पावणेदोन अँपिअर वाहतात. बल्ब पूर्ण उजळला पाहिजे आणि वायरच्या दोन टोकांमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त पडता कामा नये. एका तारेवर लोंबकळणारी वायर इथे लगेच उघडी पडते. हाच बल्ब टीसीएम जोडलेला असताना मात्र कुठेही टेकवू नका. युनिटच्या आतल्या ट्रान्झिस्टरला एवढा प्रवाह झेपत नाही आणि हजारोंचा युनिट एका बल्बापायी जातो.

मीटर वापरण्याच्या आणखी दोन वाईट सवयी. प्रोबचं टोक कपलरच्या मादी पिनमध्ये खुपसणं: पिन फाकते, नंतर सैल बसते आणि तुम्ही स्वतःच नवा लूज कॉन्टॅक्ट तयार करता. मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने बारीक पिन सरकवून मोजावं. आणि वायरच्या आवरणाला टोचून बघणं: पहिल्याच पावसाळ्यात त्या भोकातून पाणी शिरतं. कोकणच्या हवेत तर सहा महिन्यांत आतलं तांबं हिरवं होऊन भुसभुशीत झालेलं असतं. मीटरचा लाल प्रोब अँपिअरच्या भोकात राहिलाय का, हे दर वेळी बघा. तसाच बॅटरीला टेकवला तर तो सरळसरळ शॉर्ट आहे.

सॉलेनॉइडला बाहेरून वीज देऊन "टिक" ऐकायची पद्धत चालते, पण चालू-बंद प्रकारालाच, फ्यूज लावून, क्षणभर. दाब नियंत्रित करणाऱ्याला थेट १२ व्होल्ट देऊ नयेत. ५ ओहमच्या गुंडाळीतून अडीच अँपिअर जातात, ती त्यासाठी बनलेली नसते. तिथे २१ वॅटचा बल्ब मालिकेत जोडून तपासतात.

सेन्सरमध्ये आधी प्रकार ओळखा. दोन वायरचा जुना चुंबकीय वेग सेन्सर काहीशे ओहम दाखवतो आणि चाक फिरल्यावर एसी व्होल्टेज तयार करतो. तीन वायरचा हॉल सेन्सर ओहमवर मोजण्यात अर्थ नाही. त्याला पुरवठा मिळतोय का, अर्थ आहे का, आणि फिरल्यावर सिग्नल उड्या मारतो का, एवढंच बघायचं. काही हॉल सेन्सरही दोनच वायरचे असतात, तेव्हा पुन्हा नकाशा. तापमानाचा सेन्सर तर मीटरशिवाय पकडता येतो. रात्रभर उभी असलेली गाडी, इग्निशन चालू, इंजिन बंद: स्कॅनरवर ऑइल, कूलंट आणि आत येणारी हवा या तिघांचे आकडे दोन-तीन अंशांच्या फरकाने सारखे हवेत. एकटं ऑइल उणे ४० दाखवत असेल तर नाशिकला हिमयुग आलेलं नाही, सेन्सरची वायर तुटलीय. दीडशेच्या आसपास अडकलं असेल तर वायर शॉर्ट आहे.

लिव्हरची जागा सांगणारा स्विच गिअरबॉक्सच्या बाहेर, चिखलपाण्याच्या तोंडावर बसवलेला असतो. पी मध्ये स्टार्टर फिरत नाही पण एन मध्ये फिरतो, किंवा आर टाकल्यावर मागचा पांढरा दिवा कधी लागतो कधी नाही, ही त्याची खूण. स्कॅनरवर लिव्हरची जागा बघत एकेक घर हळू सरकवा. मध्येच आकडा गायब झाला तर स्विच सरकलाय किंवा आत पाणी आहे. आणि लिव्हर पी मधून निघतच नसेल तर गिअरबॉक्सकडे न बघता ब्रेक दाबून मागचे लाल दिवे बघा. ते लागत नसतील तर ब्रेक स्विच किंवा त्याचा फ्यूज गेलाय. दिव्याचा आणि लिव्हरच्या कुलपाचा मार्ग बहुधा एकच असतो. अनेक गाड्यांत लिव्हरजवळ झाकणाखाली कुलूप हाताने सोडवायची खाच असते. ती वापरण्याआधी हँडब्रेक आणि ब्रेक पेडल दोन्ही घट्ट.

ऑइल वायरमधून चढतं, हे ऐकून लोक हसतात. मर्सिडीजचा १९९६ पासूनचा पाच गिअरचा ७२२.६ गिअरबॉक्स हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. त्याच्या बाजूला तेरा पिनांचा कपलर एका प्लॅस्टिकच्या नळकांड्यात बसतो. नळकांड्याच्या रबरी रिंगा कडक झाल्या की ऑइल कपलरमध्ये झिरपतं आणि तिथून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, वायरच्या बारीक तारांमधून थेट टीसीएमपर्यंत पोचतं. युनिटचा कपलर काढल्यावर पिना तेलकट दिसल्या तर नुसतं पुसून भागत नाही, उगमावरचं नळकांडं रिंगांसकट बदलायचं. याच गिअरबॉक्सची दुसरी खोड अशी, की ऑइलच्या तापमानाचा सेन्सर आणि पी-एन चा संपर्क एकाच मालिकेत आहेत. लिव्हर पी मध्ये ठेवून सेन्सर मोजला तर मार्ग तुटलेलाच दिसणार. तो मोजायचा तर लिव्हर आर किंवा डी मध्ये, इंजिन बंद, चाकांना ठोकळे.

मधूनमधून येणारा बिघाड सगळ्यात छळतो. मीटर किमान-कमाल नोंदवण्यावर लावा आणि दुसऱ्याला वायरिंगचा जुडगा हाताच्या लांबीएवढा पुढे सरकत हलवायला सांगा. आकडा जिथे उडतो तिथे बोट. इंजिनचे माउंटिंग ढिले असतील तर इंजिन झुकताना वायर ताणली जाते, म्हणून फक्त जोरात निघतानाच कोड येतो. केस वाळवायच्या यंत्राने कपलर हलकेच तापवून बघता येतो. उंदरांनी घर केलेल्या गाडीत बॅटरीच्या तळाशी आणि गिअरबॉक्सच्या वरच्या कोनाड्यात लेंड्या, पालापाचोळा शोधा. कुरतडलेली वायर तिथून वीतभर अंतरातच सापडते. तिला काळी टेप गुंडाळून सोडू नका. दोन तारा धातूच्या नळीत दाबून जोडून (क्रिम्प करून) वर चिकट आवरण असलेली, तापवल्यावर आकसणारी नळी चढवा.

टीसीएमशी बोलणंच होत नसेल, म्हणजे यू-०१०१ कोड असेल, तर बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात त्या) ६ आणि १४ या पिनांमध्ये ओहम मोजा. ६० आले तर कॅनची जोडी, म्हणजे सगळे युनिट ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या दोन वायर, धड आहे, कारण दोन्ही टोकांना १२०-१२० चे रोध समांतर असतात. १२० म्हणजे एका टोकाशी तुटलंय, शून्याजवळ म्हणजे दोन वायर भिडल्यात. मधे गेटवे, म्हणजे वेगवेगळी जाळी जोडणारा युनिट, असलेल्या गाड्यांत हा आकडा गिअरबॉक्सच्या जाळ्याचा नसतो, ते नकाशातून कळतं. त्यानंतर टीसीएमच्या कपलरवर पुरवठा आणि अर्थ आहे का ते बघा. युनिट बदलणं हा शेवटचा पर्याय. दुसऱ्या गाडीतला टीसीएम आणून लावला तर तो बहुतेक वेळा त्या गाडीसाठी प्रोग्राम करावा लागतो, आणि शॉर्ट सॉलेनॉइडने मारलेल्या युनिटच्या जागी नवा लावला तर तोही त्याच वाटेने जातो.

दुरुस्ती झाली की कोड पुसा, कंपनीने सांगितलेली शिकवणी, म्हणजे टीसीएमला नव्याने जुळवून घ्यायला लावणं, स्कॅनरने करून घ्या आणि रस्त्यावर चाचणी घ्या. स्कॅनर बघणारा वेगळा, चालवणारा वेगळा. ऑइल ८० अंशांवर जाईपर्यंत चालवा. थंड गाडीची चाचणी ही चाचणी नव्हे. लिंप मोड पुन्हा आला तर त्या अवस्थेत घाट चढू नका, मधल्या गिअरवर कन्व्हर्टरमधलं ऑइल बघता बघता उकळीला येतं. गाडी न्यायचीच तर सपाट पाट्याच्या ट्रकवर चढवून. इंजिनची ताकद मिळणारी चाकं रस्त्यावर फिरत ठेवून ओढली तर ऑइलचा पंप बंद असतो, आणि बिनतेलाचा गिअरबॉक्स काही किलोमीटरांतच खरोखर जातो.